यार्डात बांधलेल्या निवृत्त फेरीबोटी: पाणी, गंज, दोर आणि सुटे भाग

धक्कापाळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

फेरी ताफ्याच्या दुरुस्ती यार्डात चालू बोटींच्या शेजारी दोन निवृत्त बोटी बांधलेल्या आहेत. दोन्ही पोलादी, दोन्ही टोकांना प्रोपेलर असलेल्या, लांबी साधारण ८० मीटर, रुंदी १७ मीटर, विस्थापन (पाण्यावर तरंगतानाचं एकूण वजन) २,००० टनांच्या आसपास, वय पन्नाशीच्या पुढे. पहिली, तिला 'अ' म्हणू, राखीव ठेवायची आहे. दीड-दोन वर्षांत गरज लागली तर ती परत सेवेत यायला हवी. दुसरी 'ब', तिचे सुटे भाग काढून घ्यायचे आणि मग ती भंगारात. 'अ' धक्क्याला लागून आहे आणि 'ब' तिच्या बाहेरच्या अंगाला बांधली आहे. 'ब'चा एकही दोर थेट किनाऱ्यावर आलेला नाही.

सध्या दोन्हींना किनाऱ्यावरून वीज आहे. इंजिन रूमच्या बिल्जमध्ये (तळाशी पाणी साचतं त्या खोलगट जागेत) फ्लोट स्विचवर, म्हणजे पाणी चढलं की आपोआप, चालणारे दोन-दोन पंप आहेत. पहारेकरी दिवसातून एकदा चक्कर मारतो. अँनोड (स्वतः झिजून बोटीचं पोलाद गंजापासून वाचवणारे धातूचे ठोकळे) शेवटचे कधी बदलले याची नोंद सापडत नाही.

विचारायचं आहे ते असं. जोराच्या पावसानंतर 'ब' डावीकडे अंदाजे १ अंश कलते आणि मग तशीच राहते. हे कितपत गंभीर समजायचं? पाण्याखालची तोंडं नुसते व्हॉल्व्ह बंद करून सुरक्षित होतात का? 'अ'ची इंजिनं कशी जपायची? आणि 'ब'मधून भाग काढताना काय पाळायचं? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं, कारण यार्डाच्या बैठकीत हे मांडायचं आहे.

---

बिल्जवाला

धक्कापाळी साहेब, बाकीचं नंतर, आधी 'ब'चा कल बघा. १७ मीटर रुंदीवर १ अंश म्हणजे दोन्ही बाजूंच्या ड्राफ्टमध्ये (बोट पाण्यात किती बुडाली त्या खोलीत) सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक. विस्थापन २,००० टन आणि जीएम (बोटीच्या स्थैर्याचं माप) २ मीटर धरला तर एवढ्या कलासाठी सुमारे ७० टन-मीटर मोमेंट लागतो, म्हणजे मध्यरेषेपासून ६ मीटरवर १२ टन पाणी. पावसानंतर आलेला कल पाऊस थांबल्यावर उतरत नाही, याचा अर्थ पाणी आत शिरलंय आणि बाहेर जायला वाट नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: उजवीकडच्या टाकीत पाणी भरून बोट सरळ करणे. कल एका बाजूच्या वजनामुळे असेल तर बोट नेहमी त्याच बाजूला झुकते. पण स्थैर्यच संपून ती लोलवर गेली असेल, म्हणजे सरळ उभी राहूच शकत नसेल, तर वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून टग (बोटी ओढणारी बोट) गेल्यावर ती कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जाऊन बसते. अशा बोटीच्या वर उचललेल्या बाजूला पाणी भरलं की ती सरळ होत नाही, धाडकन दुसऱ्या बाजूला पडते, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त कोनात. म्हणून आधी कारण शोधायचं.

शोधायचा क्रम असा. सहाही ठिकाणचे ड्राफ्ट वाचा: दोन्ही टोकं आणि मध्य, दोन्ही बाजूंनी. पाणी हलत असेल तर पारदर्शक नळी मार्काला लावून वाचा, आत पाणी स्थिर दिसतं. या आकाराच्या बोटीचं जलरेषेवरचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास येतं, म्हणजे १ सेंटिमीटर बुडायला साधारण १० टन लागतात. ड्राफ्ट २ सेंटिमीटरने वाढला तर २० टन पाणी कुठेतरी आलंय, मग बिल्ज कितीही कोरडं दिसो. त्यानंतर एकूण एक टाकी आणि व्हॉइड (रिकामा बंद कप्पा) साउंडिंग रॉडने (नळीतून सोडून पाण्याची पातळी मोजायच्या सळईने) मोजा, रॉडला पाणी दाखवणारी पेस्ट लावून. जिथे साउंडिंग पाइप नाही अशी जागा सोडून देऊ नका, तिथे मॅनहोल उघडावं लागेल. त्यासाठीची खबरदारी पुढे कुणीतरी लिहीलच.

पावसाचं पाणी आत यायच्या नेहमीच्या वाटा: डेकवरच्या साउंडिंग पाइपांची हरवलेली झाकणं, हवेच्या नळ्यांचे गंजून अडकलेले फ्लोट, मॅनहोलचं कुजलेलं गॅस्केट, केबल जिथे डेकमधून खाली उतरते ती ग्लँड (पाणबंद जोड), आणि तुंबलेले स्कपर (डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं). चालत्या बोटीवर स्कपर रोज साफ होतात. बांधलेल्या बोटीवर पाखरांची घरटी, पानं आणि रंगाच्या पापुद्र्यांनी एका पावसाळ्यात भरून जातात.

कार डेकवर साचलेलं पाणी वजनापेक्षा मोकळ्या पृष्ठभागामुळे, म्हणजे बोट कलली की ते त्याच बाजूला धावतं म्हणून, घातक ठरतं. ७० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद डेकवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०५ टन. पण सूत्रात रुंदीचा घन येतो: ७० गुणिले १५ चा घन भागिले १२, त्याला विस्थापनाने भागा, जीएममधली कागदावरची घट जवळजवळ १० मीटर निघते. मधोमध केसिंग (डेकला दुभागणारा बंदिस्त भाग) असून दोन्हीकडे ७-७ मीटरचे पट्टे असतील तर तीच घट २ मीटरवर येते. पाणी उथळ असल्यामुळे ते लगेच खालच्या बाजूला गोळा होतं आणि प्रत्यक्षात एवढी घट लागू होत नाही. तरीही डेकवर पाणी का ठेवायचं नाही, हे बैठकीत पटवायला हा आकडा पुरेसा आहे.

आता फ्लोट स्विचवरचे पंप. स्वयंचलित पंप गळती लपवतो. पहारेकऱ्याला रोज कोरडं बिल्ज दिसतं आणि पंप मात्र रोज जास्त वेळ चालत असतो. ज्या दिवशी किनाऱ्याची वीज जाते त्या रात्री खरा हिशेब समजतो. प्रत्येक पंपाला तास मोजणारा मीटर आणि सुरू होण्याचा काउंटर लावा, दोन्ही आकडे रोज वहीत यायला हवेत. शिवाय इंजिन रूमच्या बिल्जमध्ये तेल असतंच. ते आपोआप बाहेर फेकणारा पंप म्हणजे बंदरात तेल सोडणं. बाहेर सोडायच्या पाण्यात तेल दशलक्षात १५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. तिथे फक्त दोन पातळ्यांचे अलार्म ठेवा, अलार्मला बॅटरी वेगळी आणि इशारा यार्डाच्या नियंत्रण खोलीत. पाणी काढायचं ते टँकरमध्ये. स्वयंचलित पंप फक्त स्वच्छ व्हॉइडमध्ये शोभतो.

---

शाफ्ट_आणि_सील

बिल्जवाल्यांशी सहमत. पाण्याखालच्या तोंडांबद्दल लिहितो.

व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे तोंड बंद झालं असं नाही. सीटवर शिंपले आणि गाळ बसलेला असतो, स्पिंडल पूर्ण खाली येतं पण चकती सीटला टेकत नाही. जुने बीडाचे व्हॉल्व्ह तर याहून फसवे. समुद्राच्या पाण्यात बीडातलं लोखंड निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा मागे उरतो. आकार तोच, रंगही शाबूत, पण सुरीने खरवडलं तर पेन्सिलीसारखं काळं निघतं. अशा व्हॉल्व्हवर पाना घालून जोर लावला की बॉडीच फुटते, आणि ती फुटते हलच्या (बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या) बाजूला.

पद्धत अशी ठेवा. डॉकिंग प्लॅन घेऊन जलरेषेखालच्या प्रत्येक छिद्राची यादी करा: सी चेस्ट (समुद्राचं पाणी आत घेणारी पेटी), कूलिंगचे ओव्हरबोर्ड (पाणी बाहेर सोडणारे निकास), फायर पंपाचं सक्शन, सांडपाण्याचे निकास, लॉगचं (वेग मोजणाऱ्या यंत्राचं) आणि इको साउंडरचं (खोली मोजणाऱ्या यंत्राचं) तोंड. प्रत्येकाला नंबर द्या आणि तोच नंबर जागेवर रंगाने लिहा. व्हॉल्व्ह बंद करा, साखळी-कुलूप लावा, टॅग बांधा. आतल्या बाजूची नळी रिकामी करून ड्रेन उघडा ठेवा आणि २४ तास बघा. थेंबही आला नाही तर व्हॉल्व्हच्या आतला नळीचा तुकडा काढून तिथे पोलादी ब्लँक फ्लँज (तोंड बंद करणारी भरीव चकती) बसवा, गॅस्केट नवं आणि बोल्ट सगळे. चार छिद्रांत दोनच बोल्ट हा प्रकार नको. थेंब येत असेल तर फ्लँज खोलू नका. आधी पाणबुड्याकडून बाहेरून प्लेट किंवा प्लग लावून घ्या.

सी वॉटर लाइनवरचे रबरी एक्स्पान्शन जॉइंट वेगळे तपासा. बाहेरून बोटाने दाबल्यावर बारीक भेगा दिसल्या की त्यांचं आयुष्य संपलं. अशी एक नळी फाटली आणि व्हॉल्व्ह उघडा असला तर हाताशी असलेला पंप पुरत नाही. पाण्याखाली ३ मीटरवर १०० मिलिमीटर व्यासाचं भोक पडलं तर सेकंदाला ३५ लिटरच्या आसपास पाणी आत येतं, म्हणजे तासाला सव्वाशे टन.

स्टर्न ट्यूबकडे (प्रोपेलरचा शाफ्ट हलमधून बाहेर जातो त्या नळीकडे) दोन्ही टोकांना लक्ष हवं, कारण अशा बोटीला शाफ्ट दोन्हीकडे असतात. तेलावर चालणारी असेल तर हेडर टाकीतली (तिला तेल पुरवणाऱ्या उंचावरच्या टाकीतली) पातळी रोज मोजा. शाफ्ट पाण्याखाली ३ मीटर असेल तर बाहेरून ०.३ बार दाब. टाकी शाफ्टच्या वर ६ मीटर असेल तर तेलाचा दाब साधारण ०.५ बार. तेलाचा दाब जास्त असतो म्हणूनच पाणी आत येत नाही. पण 'ब'मधून इंधन आणि भाग काढले की ती वर उचलली जाणार, बाहेरचा दाब कमी होणार आणि तेल बाहेर गळायला लागणार. ड्राफ्ट बदलला की हे गणित परत करायचं. पाण्यावर चालणारी ट्यूब असेल तर फुगवून बसणाऱ्या सीलवर भिस्त ठेवू नका. त्याला सतत हवा लागते आणि बांधलेल्या बोटीचा कॉम्प्रेसर बंद असतो. ग्लँड पॅकिंग नवं भरून आवळा.

'अ'ची इंजिनं. सहा महिन्यांहून जास्त थांबणार असतील तर लुब्रिकेटिंग तेल काढून संरक्षक तेल भरा. कूलिंगचं पाणी एकतर पूर्ण काढून सुकवा, नाहीतर इन्हिबिटरसकट (गंजरोधक रसायनासकट) भरून दर महिन्याला त्याची मात्रा तपासा. अर्धवट रिकामी जॅकेट सगळ्यात वाईट, गंज हवा आणि पाणी भेटतात त्या रेषेवरच लागतो. एक्झॉस्ट आणि हवेचं तोंड प्लेटने बंद करून स्टार्टिंगच्या हँडलवर तशी पाटी लावा, कारण दोन वर्षांनी इंजिन सुरू करणारा माणूस दुसरा असणार. महिन्यातून एकदा प्री-लुब पंप अर्धा तास चालवा, इंडिकेटर कॉक उघडा, टर्निंग गिअरने दोन-तीन फेरे द्या आणि आधीच्या जागेपासून पाव फेरा पुढे थांबवा. त्याच जागी थांबवलं तर बेअरिंगच्या त्याच रेषेवर वजन राहतं आणि तेच व्हॉल्व्ह उघडे राहतात.

हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६० च्या वर पोलाद वेगाने गंजायला लागतं. पूर्ण बोट सुकवायचा प्रयत्न करू नका. इंजिन रूम, स्विचबोर्ड रूम आणि व्हीलहाऊस एवढंच सीलबंद करून डीह्युमिडिफायर लावा. मोटरी आणि जनरेटरचे हीटर चालू राहायला हवेत. महिन्यातून एकदा मेगर (विजेच्या आवरणाचा रोध मोजणारी चाचणी) घ्या. ४४० व्होल्टच्या मोटरीला १ मेगाओम ही तळाची रेषा, पण एका आकड्यापेक्षा घसरण बघा. ५० वरून ८ वर आलेली मोटर पास झाली म्हणून सोडू नका, हीटर जळाला असण्याची शक्यता मोठी.

---

पत्रामोजणी

अँनोडची नोंद नाही हे वाचून लिहायला घेतलं. शेजारी बांधलेल्या बोटी पोलादी दोर, गँगवे आणि किनाऱ्याच्या विजेच्या अर्थवायरने एकमेकींशी विजेने जोडलेल्या असतात. 'ब'चे अँनोड संपले असतील आणि रंग उडाला असेल तर ती 'अ'चे अँनोड खाते. धक्क्याला चालू बोट लागली तर तिचेही. नव्या अँनोडची बोट वर्षभरात उघडी पडली तर कारण शेजारीण असू शकते. याच्या उलट, यार्डात वेल्डिंग चालू असताना रिटर्न केबल लांबच्या बोटीवर लावली तर तो प्रवाह पाण्यातून परततो आणि जिथे हलमधून बाहेर पडतो तिथलं लोखंड सोबत नेतो. त्याने होणारं नुकसान नुसत्या गंजापेक्षा कितीतरी वेगाने होतं. रिटर्न केबल ज्या बोटीवर काम त्याच बोटीवर, आणि कामाच्या जवळ.

मोजायला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड हाफ सेल (व्होल्टेज मोजायचा संदर्भ इलेक्ट्रोड) आणि चांगला मल्टीमीटर पुरतो. सेल हलच्या जवळ पाण्यात सोडा, मीटरचं दुसरं टोक घासून चकचकीत केलेल्या पोलादावर. रंगावर टेकवलेल्या वाचनाला अर्थ नाही. बोटीच्या लांबीभर दर ५ मीटरवर, प्रत्येक ठिकाणी १ मीटर आणि ३ मीटर खोलीवर वाचन घ्या. उणे ०.८० ते उणे १.०५ व्होल्ट म्हणजे संरक्षण मिळतंय. उणे ०.६५ च्या आसपास म्हणजे उघडं पोलाद गंजतंय. मग किनाऱ्याची वीज काही मिनिटं तोडून परत वाचा. आकडा लक्षात येईल एवढा बदलला तर भटका प्रवाह आहे. उपाय म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. नुसती अर्थवायर कापणं हा उपाय नाही, त्याने माणूस मरतो.

ड्राय डॉकशिवाय तात्पुरतं संरक्षण द्यायचं तर अॅल्युमिनियमचे अँनोड केबलने बाजूंना लटकवा. केबलचं टोक हलला वेल्ड केलेल्या बोल्टवर असावं, रेलिंगला गुंडाळलेलं नको. रेलिंगला रंगाचे थर असतात आणि जोड लागतच नाही. प्रत्येक अँनोडचा प्रवाह क्लॅम्प मीटरने बघा. शून्य दिसलं तर तो नुसता लटकतोय.

पत्र्याची जाडी. अल्ट्रासॉनिक मोजणीत साधारण २० ते २५ टक्के झीज ही बदलायची हद्द धरतात. ९.५ मिलिमीटरच्या मूळ पत्र्याला २० टक्के म्हणजे ७.६ उरले. सरासरीवर मात्र विसंबू नका. हल जातो तो ठराविक जागी: जलरेषेचा पट्टा, साउंडिंग पाइपच्या बरोबर खाली जिथे रॉड आपटतो ती जागा, बिल्ज वेलचा तळ, शौचालयांखालचा पत्रा, आणि जुन्या सिमेंटच्या थराखाली. बांधलेल्या बोटीला आणखी एक जागा मिळते. ड्राफ्ट कमी झाल्यावर जलरेषा खाली सरकते आणि नवा पट्टा हवा-पाण्याच्या तावडीत येतो. तिथला रंग कायम पाण्याखाली राहण्यासाठी दिलेला असतो, उन्हासाठी नाही.

खड्डे पडून होणारा गंज जाडीच्या जाळीदार मोजणीत निसटतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या ताफ्यात 'स्टील इलेक्ट्रिक' वर्गाच्या १९२७ सालच्या चार बोटी होत्या: क्विनॉल्ट, इलाही, निस्क्वाली आणि क्लिकिटॅट. २००७ च्या नोव्हेंबरात क्विनॉल्टच्या हलमधले खोल खड्डे समोर आल्यावर चारही बोटी एकदम सेवेतून काढाव्या लागल्या. पोर्ट टाउनसेंड ते कीस्टोन हा मार्ग चालवायला दुसऱ्या सार्वजनिक संस्थेकडून स्टिलाकूम २ ही छोटी बोट भाड्याने आणावी लागली. त्या मार्गासाठी बांधलेली चेट्झेमोका ही बोट २०१० मध्ये आली. त्या चार बोटी पुढे मेक्सिकोत एन्सेनाडाला तोडल्या गेल्या. तुमच्या 'अ'च्या बाबतीत यातून एक थेट प्रश्न निघतो. ती ज्या वर्गाची राखीव आहे त्याच वर्गाची आणि त्याच वयाची असेल, तर चालू बोटीत दोष निघेल त्या दिवशी तोच दोष राखीव बोटीतही असणार. राखीव म्हणून ठेवायची तर तिचा हल चालू बोटींपेक्षा चांगला आहे हे मोजून सिद्ध झालेलं हवं.

---

धक्कापाळी

खूप आभार. पहिलं निदान मिळालं. 'ब'च्या डाव्या बाजूच्या दोन व्हॉइडमध्ये मिळून १४ टन पाणी निघालं. एका साउंडिंग पाइपचं झाकण नव्हतं, दुसऱ्यात मॅनहोलचं गॅस्केट चपटं होऊन दगडासारखं झालं होतं. पाणी चवीला गोडं लागलं, म्हणजे पावसाचंच. चार स्कपर मोकळे केले. पाणी उपसल्यावर बोट सरळ झाली.

बाहेरच्या बाजूला बांधायचं की नाही यावर कुणी लिहिलं नाही. आणि भाग काढायला पुढच्या आठवड्यात सुरुवात आहे.

---

बिल्जवाला

चव नका घेऊ हो, त्या पाण्यात काय मिसळलंय ते ठाऊक नसतं. हायड्रोमीटर किंवा क्लोराइडची पट्टी वापरा. बाकी निदान बरोबर वाटतं. झाकणं नवी बसवल्यावर पुढच्या दोन पावसांनंतर त्याच व्हॉइडचं साउंडिंग घ्या, तेव्हाच खात्री.

---

दोरखंड

बांधणीबद्दल. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० मीटर लांब आणि पाण्यावर १२ मीटर उंच बाजू म्हणजे ९६० चौरस मीटर. सेकंदाला २० मीटर वाऱ्यात तिच्यावर साधारण २४ टन जोर येतो, २५ मीटरला ३७ टन. 'ब'चे दोर फक्त 'अ'वर असतील तर दोन्ही बोटींचा जोर 'अ'च्या बिटांवरून (दोर बांधायच्या डेकवरच्या खुंटांवरून) धक्क्यावर जातो. 'अ'ही जुनीच, आणि बिटच्या पायाखालचा डेकचा पत्रा बाहेरून कधी दिसत नाही. खालून जाऊन बघा, तिथली जाडी मोजा. बिट मजबूत दिसतो आणि पायासकट उपटून निघतो.

'ब'चे किमान दोन टोकांचे दोर थेट किनाऱ्यावर किंवा डॉल्फिनवर (बोट बांधायला पाण्यात रोवलेल्या खांबांवर) न्या. ते 'अ'च्या डेकवरून घासत जाता कामा नयेत. दोन बोटींमध्ये मोठे हवेचे फेंडर (धक्के झेलणाऱ्या उशा) हवेत, आणि ते सपाट बाजूला. या बोटींना डेकच्या कडेने जाड रबिंग स्ट्रेक (घासणं झेलणारा पुढे आलेला पट्टा) असतो. ड्राफ्ट वेगळे झाले की एकीचा स्ट्रेक दुसरीच्या पत्र्यावर बसतो आणि लाटेबरोबर खालीवर होऊन तो फाडतो. 'ब' हलकी होत जाईल तसे फेंडर सरकवावे लागतील. दोर चॉकमधून (बोटीच्या कडेच्या खाचेतून) जातात तिथे जुना फायर होज चढवा आणि दर पंधरवड्याला दोर हातभर पुढे घ्या, म्हणजे घासण्याची जागा बदलते. एका जागी नायलॉन आणि पोलादी दोर एकत्र लावू नका. ताण आला की न ताणणारा पोलादी दोर सगळं वजन एकटा घेतो.

जागा असेल तर क्रम उलटा करा: भंगाराची आत, राखीव बाहेर. सुटे भाग उचलायला धक्क्यावरची क्रेन 'ब'पर्यंत पोहोचते, आणि आणीबाणीत 'अ' सहज बाहेर निघते.

---

सुटेभाग

दोरखंडांचा क्रमाबद्दलचा मुद्दा अगदी पटतो.

काढायच्या आधी यादी करा आणि यादी चालू बोटींच्या गरजेवरून करा, समोर काय दिसतं त्यावरून नाही. गव्हर्नर, टर्बोचार्जरचे रोटर, स्टिअरिंगचे हायड्रॉलिक पंप, जुन्या प्रोपल्शन कंट्रोलची कार्डं, मोठे कॉन्टॅक्टर, खिडक्यांच्या चौकटी आणि पाणबंद दारांचे कब्जे बाजारात मिळेनासे झालेले असतात. पाइप आणि साधे पंप काढत बसण्यात मजुरी जास्त जाते. प्रत्येक भागाला टॅग: बोट, जागा, चालू अवस्थेत होता का, शेवटचे तास, काढल्याची तारीख. टॅग नसलेला भाग वर्षभराने भंगारच ठरतो, कारण कुणीच तो चालू बोटीवर बसवायची सही करत नाही. केबल टर्मिनलवर सोडवा आणि नंबरासकट फोटो काढा, मधेच कापू नका. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलसह, रोटर उभा किंवा लाकडी आधारावर.

भाग काढला की मागे उरलेलं प्रत्येक तोंड त्याच पाळीत बंद व्हायला हवं. जलरेषेखालची नळी असेल तर पोलादी ब्लँकने, लाकडी खुंटी किंवा चिंधीने नाही. पाणबंद भिंतीतून केबल काढली तर ते भोकही मोजा. एका कप्प्यात पाणी आलं तर ते तिथेच थांबावं म्हणून भिंत असते, आणि दहा केबलींच्या रिकाम्या ग्लँड म्हणजे भिंत नाहीच.

वजनाची वही ठेवा: भाग, किलो, तळापासून उंची, मध्यरेषेपासून अंतर. बहुतेक जण मोठ्या इंजिनाची काळजी करतात. १५ टनांचं इंजिन तळापासून २ मीटरवरून काढलं आणि बोटीचा गुरुत्वमध्य ६ मीटरवर असेल तर तो फक्त ३ सेंटिमीटर वर जातो. पण दुहेरी तळातलं ८० टन इंधन दीड मीटरवरून काढलं की तो जवळजवळ १९ सेंटिमीटर वर जातो. म्हणून इंधन, गिअरबॉक्स, दोन्ही इंजिनं आणि जनरेटर सगळं एका पाठोपाठ काढायच्या आधी नेव्हल आर्किटेक्टकडून हिशेब करून घ्या. वरच्या डेकवरचं जड सामान आधी उतरवलं तर गणित तुमच्या बाजूने राहतं.

टाक्या आणि व्हॉइड. ही बाब सगळ्यात गंभीर आहे. बंद पोलादी कप्प्यात गंज हवेतला ऑक्सिजन खातो. वर्षानुवर्षं न उघडलेल्या व्हॉइडमध्ये वास नसतो, गॅस नसतो, आणि तरी आत उतरलेला माणूस पहिल्या काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला धावणारा दुसराही. मॅनहोल उघडा, ब्लोअरने हवा द्या, ब्लोअर थांबवून थोड्या वेळाने वर, मध्ये आणि तळाशी मोजा. ऑक्सिजन २०.८ ते २१ टक्के, ज्वलनशील वायू खालच्या स्फोटक मर्यादेच्या १ टक्क्याच्या आत. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड वेगळा मोजा. अंगावर मीटर, दाराशी माणूस, आणि सुटकेची दोरी-तिपाई आधीच लावलेली. ऑक्सिजन १९ दाखवत असेल तर 'थोडाच कमी आहे' असं म्हणू नका. तो कुठे गेला हे कळेपर्यंत कुणी आत जायचं नाही. इंजिन रूमची आग विझवणारी कार्बन डायऑक्साइडची बाटली-यंत्रणा काम सुरू व्हायच्या आधी तज्ज्ञाकडून निकामी करून घ्या.

या वयाच्या बोटीत अॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला: एक्झॉस्टचं लॅगिंग (उष्णता रोखणारं आवरण), फ्लँजची गॅस्केट, भिंतीचे पॅनेल, डेकच्या टाइल. प्रयोगशाळेचा नमुना नाही म्हणेपर्यंत तोडफोड नको. सोलास (जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांनी नव्या बसवणुकीत त्यावर २००२ पासून बंदी आणली, काही अपवाद ठेवून, आणि अपवादही २०११ पासून संपले. जुन्या केबलच्या आवरणात आणि कॅपॅसिटरमध्ये पीसीबी (विषारी क्लोरीनयुक्त रसायनं), रंगात शिसं, जुन्या अग्निशमन यंत्रणेत हॅलॉन (ओझोनला घातक वायू) असू शकतं. जहाज तोडण्याबाबतचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. आयुष्यभर आपल्याच देशाच्या पाण्यात चाललेली बोट त्यात येत नाही, पण घातक पदार्थांची यादी तरीही करा. ती यादी नसली की तोडणारा भाव पाडतो किंवा बोट घेतच नाही.

कटिंगच्या आधी आगीची सोय. 'ब'चा फायर पंप बंद आहे, म्हणजे फायर मेन कोरडा. आंतरराष्ट्रीय शोर कनेक्शन बोटीवर हाताशी ठेवा: बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, आतला ६४, बोल्टचं वर्तुळ १३२, चार खाचा १९ मिलिमीटरच्या, फ्लँजची जाडी किमान १४.५, बोल्ट चार, १६ मिलिमीटर जाड आणि ५० लांब. नुसतं ठेवू नका, किनाऱ्याचा होज जोडून शेवटच्या हायड्रंटला पाणी येतं का ते बघा. काम थांबल्यावर आगीचा पहारा किमान अर्धा तास, आणि भिंतीच्या पलीकडच्या बाजूलाही एक माणूस. आग बहुधा पलीकडच्या लाकडी पॅनेलमध्ये लागते.

---

टगमास्तर

भंगाराकडे नेण्याचा विचार आत्ताच करा, कारण भाग काढताना टोइंगला लागणाऱ्या गोष्टीही काढून टाकल्या जातात. बिट, चॉक, अँकर आणि त्याचा ब्रेक शेवटपर्यंत राहू द्या.

निघायच्या आधी सुकाणू मधोमध ठेवून पोलादी पट्टीने वेल्ड करा. हायड्रॉलिकवर विसंबू नका, दाब हळूहळू उतरतो. दोन्ही शाफ्ट बांधा, नाहीतर पाण्याच्या प्रवाहाने प्रोपेलर फिरतो आणि तेल नसलेलं बेअरिंग जळतं. बोट किंचित मागच्या टोकावर बसलेली असावी, पुढे झुकलेली बोट टगच्या मागे डावी-उजवी भटकते. दोन तोंडांच्या बोटीचा खरा धोका कार डेकच्या उघड्या टोकांचा. आडोशाच्या पाण्यासाठी बांधलेली बोट खुल्या समुद्रात ओढली की लाट सरळ डेकवर येते. टोकं प्लेटने बंद करा आणि फ्रीइंग पोर्ट (डेकवर आलेलं पाणी बाहेर जायची दारं) मात्र मोकळे ठेवा.

मुख्य टोइंग दोराशिवाय आणीबाणीचा दुसरा दोर आधीच लावलेला असावा. त्याला तरंगणारी दोरी आणि बोया बांधून मागे सोडा. मुख्य दोर तुटला तर बंद बोटीवर माणूस न चढवता टगला तो उचलता येतो. दिवे बॅटरीवरचे, प्रवासाच्या अंदाजाच्या दुप्पट टिकतील एवढे. आणि प्रत्येक कप्प्यात पाण्याच्या पातळीचा अलार्म, ज्याचा दिवा टगवरून दुर्बिणीशिवाय दिसेल अशा उंचीवर.